रावळशेठ आणि आमची फळी

भिंतीत खिळा ठोकता येणं हे कर्त्या पुरुषाचं लक्षण आहे, अशी आमच्या घराण्यात तीन पिढ्यांची समजूत आहे. आणि तीन पिढ्यांत तो एकालाही धड ठोकता आलेला नाही. आजोबांचा खिळा वाकायचा. वडिलांचा उडायचा आणि मग सगळं घर ओणवं होऊन तो शोधायचं. माझा मात्र आत जातो. इतका आत जातो, की त्यावर टांगायला काही शिल्लकच राहत नाही. तेव्हा भिंतीवरच्या फळ्यांचा इतिहास लिहायला माझ्याइतका अधिकारी माणूस अख्ख्या ठाण्यात दुसरा नसावा.

इतिहास म्हटला की सुरुवात आजोळापासून. माझं आजोळ पेणच्या बाजूला. तिथल्या भिंती चांगल्या दीड हात जाड, मातीच्या, शेणाने सारवलेल्या. भिंतीला कान असतात हे पुढे शाळेत कळलं. पण भिंतीला पोट असतं हे मला फार लहानपणी ठाऊक झालं होतं. त्या पोटालाच कोनाडा म्हणायचे. दिव्याचा कोनाडा वेगळा, आजीच्या मिश्रीचा वेगळा, आजोबांच्या अडकित्त्याचा वेगळा. एखादा कोनाडा ऐसपैस असला आणि त्याला दारं लावली, की त्याचं फडताळ व्हायचं. त्यात लोणच्याच्या बरण्या, औषधाच्या बाटल्या आणि आम्हा पोरांना न सापडावा म्हणून ठेवलेला आणि हमखास सापडणारा गूळ. भिंतीला टांगलेलं असं घरात काहीच नव्हतं. शिंकं आढ्याला लोंबायचं, मांडणी आणि उतरंड जमिनीवर उभी असायची, आणि खुंट्या होत्या त्या भिंत रचतानाच तिच्यात बसवलेल्या. त्या भिंतीबरोबरच जन्मल्या होत्या आणि तिच्याबरोबरच जाणार होत्या. त्यामुळे आजोळी फळी पडली, रॅक कोसळला असला प्रकार कधी ऐकला नाही. पडायचं ते मांजरीच्या कृपेने पडायचं.

आता हे सगळं कोणा गवंड्याच्या शहाणपणामुळे होतं असं म्हणायचा मोह होतो. तसं नव्हतं. भिंत जाड होती, कारण मातीच्या भिंतीला वरचं छप्पर पेलायचं तर जाड असण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जाडी होतीच, तर तिच्यात पोकळी काढली. आपल्याकडे पुष्कळशी वास्तुकला अशीच जन्माला आली आहे.

आमचं स्वतःचं घर मात्र नौपाड्यात. विटांची भिंत, जाडी नऊ इंच, आणि मधल्या आडभिंती तर साडेचार इंची. नऊ इंची भिंतीत कोनाडा काढला तर वीतभर खोल जाण्याआधीच पलीकडच्या बिऱ्हाडातली चूल दिसायची. तेव्हा कोनाडा गेला आणि फळी आली. पूर्वी वस्तू भिंतीच्या पोटात राहायच्या, आता त्या भिंतीच्या खांद्यावर आल्या. फरक लहान वाटतो. पण पोटातलं पडत नाही, खांद्यावरचं पडतं.

आमच्याकडे फळी आली १९६२ साली. वडील ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाचे जुने सभासद. हे संग्रहालय १८९३ सालचं, त्यामुळे तिथून पुस्तक आणणं ही वडिलांच्या मते निव्वळ करमणूक नव्हती, कुळाचार होता. पण आणलेलं पुस्तक परत करावं लागतं हे त्यांना सोसायचं नाही. मग ते स्वतः विकत घेऊ लागले, आणि पुस्तकं आधी ट्रंकेत, मग ट्रंकेवर, मग माझ्या अंथरुणावर आली. शेवटी आई म्हणाली, "एक तर मुलाला उचला, नाहीतर पुस्तकं." वडिलांनी क्षणभर विचार केला (हे आईने पुढे जन्मभर सांगितलं) आणि पाच फुटी सागवानी फळी आणली.

ती बसवायला जे सुतार आले, त्यांना आम्ही मिस्त्री म्हणायचो. त्यांनी पिशवीतून खिळे काढलेच नाहीत. काढली छिन्नी. दोन तास ते भिंतीला भोकं पाडत बसले. भोक तरी कसं? तोंडाशी लहान आणि आत मोठं. मग सागाच्या चार गुट्ट्या तासल्या, त्याही तशाच, एका बाजूला निमुळत्या. रुंद बाजू आत, निमुळती बाहेर. भोवती सिमेंट भरलं, आणि मिस्त्री हत्यारं आवरून उठले.

"अहो, फळी?" वडील म्हणाले.

"परवा. तोवर पाणी मारा."

दोन दिवस मी पितळी तांब्याने भिंतीला पाणी घालत होतो, तुळशीला घालावं तसं. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी त्या गुट्ट्यांत स्क्रू पिळून लोखंडी ब्रॅकेटं बसवली. मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला इंजिनिअर मुलगा होईपर्यंत दुसऱ्या कोणी सांगितलं नाही, आणि त्यानेही सांगितलं ते उशिरा. "फळी खाली पडत नाही बाळ. ती आधी पुढे ओणवते. खालचा स्क्रू भिंतीत ढकलला जातो, तो बसून खातो. वरचा बाहेर ओढला जातो, खरी नोकरी त्याची. म्हणून वरची गुट्टी आत रुंद. ओढाल तेवढी अडकेल." एवढं बोलून मिस्त्री स्टुलावर चढले आणि सरळ फळीवर जाऊन बसले. धोतर सावरून, पाय सोडून, चांगली विडी संपेपर्यंत. "आता ठेवा पुस्तकं," म्हणाले.

त्या फळीची परीक्षा झाली ती ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. कोयनेचा भूकंप ठाण्यातही चांगला जाणवला. स्वयंपाकघरात पातेली खणखणली, देवातली घंटा आपोआप वाजली, आणि आम्ही सगळे चादरी पांघरून अंगणात. उजाडल्यावर आत येऊन पाहतो तर फळी जागच्या जागी, एक पुस्तक हललेलं नाही. वडिलांनी त्या दिवशी मिस्त्रींना मुद्दाम बोलावून चहा पाजला. पुढे १९७६ पासून वाईहून तर्कतीर्थांच्या विश्वकोशाचे खंड यायला लागले. एकेक खंड म्हणजे हातात धरून वाचायचा नव्हे, मांडीवर घेऊन वाचायचा ग्रंथ. फळीने तेही पेलले.

यानंतर आमच्या कथेत रावळशेठ प्रवेश करतात.

माझं लग्न झालं आणि १९८३ साली मी वेगळा फ्लॅट घेतला. त्याच्या आदल्या वर्षीच ठाण्याची महानगरपालिका झाली होती, आणि शहर मोठं झालं म्हणून की काय, भिंतीला भोकं पाडणारे लोक घाईत होते. इलेक्ट्रिशियन आला. त्याने खिशातून बोटाच्या पेराएवढ्या नळ्या काढल्या, भोकात एकेक ठोकली, वर स्क्रू पिळला आणि दहा मिनिटांत तो दुसऱ्या घरी. ना छिन्नी, ना सिमेंट, ना तांब्या.

"हे काय?"

"रावळ प्लग."

हा रावळ कोण असावा यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. माझ्या डोळ्यांसमोर लोहार चाळीतल्या पेढीवर लोडाला टेकून बसलेले, काळी टोपी घातलेले एक गुजराती शेठ उभे राहिले. मुलं हिशेब बघतायत, शेठ प्लग मोजतायत. मी हे चित्र इतकं रंगवून सांगायचो, की आमच्या ऑफिसातल्या एका बडोदेकर सहकाऱ्याने हे शेठ आपल्या लांबच्या नात्यातले आहेत असंही एकदा कबूल केलं होतं.

खरा रावळ इंग्रज निघाला. जॉन जोसेफ रॉलिंग्ज हे त्याचं नाव. लंडनमध्ये तो बांधकामाची कामं घ्यायचा. १९१० च्या सुमारास त्याच्याकडे ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणं बसवण्याचं काम आलं, आणि अट अशी, की भिंतींची नासधूस होता कामा नये. जगभरच्या वस्तू उचलून आणणाऱ्या त्या म्युझियमला स्वतःच्या भिंतीचा एवढा जीव असावा, हे वाचून मला जरा गंमत वाटली. तोपर्यंत विलायतेतही आमच्या मिस्त्रींचीच रीत होती. मोठं भोक खणा, लाकूड ठोका, त्यात स्क्रू मारा. रॉलिंग्जने तागाचे धागे सरस आणि जनावराच्या रक्तात घट्ट चिकटवून त्यांची बारीक नळी केली. ती लहानशा भोकात जायची, आणि स्क्रू आत शिरला की फुगून चहूकडून भिंतीला धरायची. १९११ साली त्याने पेटंट घेतलं. त्या काळी जगाला ताग पुरवायचा तो जवळजवळ एकटा बंगालच. म्हणजे रावळशेठ गुजराती नसले तरी त्यांच्या नळीत थोडा बंगाली बाबू असण्याचा संभव आहे. त्यांच्या नावाची कंपनी २००५ साली एका पोलिश उद्योगाने विकत घेतली, हे मी त्या बडोदेकरांना अजून कळवलेलं नाही.

तागाच्या जागी नायलॉन आणला तो आर्टुर फिशर या जर्मन कारागिराने, १९५८ साली. फिशर मुळात कुलुपं बनवण्याचं काम शिकलेला. त्याच्या नावावर अकराशेच्या वर पेटंटं होती, आणि २०१६ साली तो वारला तेव्हा वय शहाण्णव. त्याने प्लगला पुढून उभी चीर दिली, अंगावर दाते काढले, आणि बाजूला दोन पंख दिले, म्हणजे स्क्रू पिळताना प्लग आतल्या आत गिरकी घेणार नाही. स्क्रू आत शिरला की चीर फाकते. आता नीट बघा, ही आमच्या मिस्त्रींचीच गुट्टी आहे. आत रुंद, बाहेर अरुंद. फरक इतकाच, की मिस्त्री तिला आधी रुंद करून आत घालायचे, आणि फिशरने ती आत गेल्यावर रुंद होईल अशी युक्ती केली. दोन तासांचं काम दहा मिनिटांवर आलं ते या एका बदलामुळे.

पण एक गोष्ट ना रॉलिंग्जने सांगितली, ना फिशरच्या पुडक्यावर मराठीत कोणी लिहिली. प्लग फुगून भिंतीला दाबणार, तर भिंतीने उलट दाबायला हवं. भिंत मऊ निघाली तर प्लग बिचारा फुगत बसतो आणि भिंत मागे सरत जाते.

आणि इथे आम्ही बाळकुमला राहायला आलो.

बाळकुम हे आमच्या लहानपणी ठाण्याच्या बाहेर होतं, निदान नौपाड्यातल्या माणसाच्या डोक्यात. आगरी-कोळी वस्ती, पाडे, भाताची खाचरं, पलीकडे कशेळीच्या बाजूला खाडी. कोलशेत रस्त्याला कारखाने झाले, पुढे एकेक कारखाना गेला आणि त्या जागी मनोरे उभे राहिले. आता बाळकुम नाक्यावर मेट्रोचे खांब आहेत. आम्ही २०१७ साली इथे चौदाव्या मजल्यावर आलो ते नऊ पेट्या, एक झोपाळा आणि वडिलांची सागवानी फळी घेऊन. वडील त्याआधी गेले होते. विश्वकोश होता.

मुलाने मला वाढदिवसाला ड्रिल मशीन दिलं होतं. ज्या घराण्याला पाऊणशे वर्षं खिळा ठोकता आला नाही, त्याच्या हाती पोराने यंत्र दिलं! सोसायटीच्या ठरलेल्या वेळेत, ग्रुपवर रीतसर सूचना टाकून, मी हॉलमधल्या सोफ्याच्या वर चार भोकं पाडली. आणि काय सांगू, मशीन भिंतीत लोण्यात सुरी जावी तसं गेलं. मला वाटलं, हे माझं कसब. पांढरी पूड भुरभुर गळत होती. प्लग जरा सैल बसले, म्हणून बाजूने दोन-दोन आगकाड्या खुपसल्या. (रॉलिंग्जचा तागही याहून फार वेगळा नव्हता, अशी मी मनाची समजूत घातली.) स्क्रू पिळले, फळी ठेवली, पुस्तकं लावली.

"मिस्त्री त्यावर बसले होते म्हणे," सौभाग्यवती म्हणाली.

"आता तशी गरज नसते," मी म्हणालो. वाक्य असं, की पुढे ते मला अनेकदा ऐकवण्यात आलं.

फळी वर्षभर राहिली. हेच वाईट झालं. त्याच दिवशी पडली असती तर मी हसलो असतो. २०१८ च्या डिसेंबरात, संध्याकाळी सातच्या सुमारास, ती ओणवली आणि आली. फळी, ब्रॅकेटं, विश्वकोश, सगळं सोफ्यावर. त्या सोफ्याच्या त्याच टोकाला माझी नात रोज पाय पोटाशी घेऊन गृहपाठ करते. तेव्हा आठ वर्षांची होती. आवाज झाला त्या वेळी ती स्वयंपाकघरात पाणी पीत उभी होती. तिची वही सोफ्यावर उघडी होती आणि तिच्यावर दोन खंड.

कोणी काही बोललं नाही. मुलाने नुसती वही काढून झटकली. नातीने विचारलं, "आजोबा, मोठ्यांदा पडलं ना?" मी हो म्हणालो. त्या रात्री सगळे झोपल्यावर मी हॉलमध्ये येऊन सोफा सरकवून पलीकडच्या भिंतीला लावला. त्या भिंतीवर काही नाही ना, हे दोनदा दिवा लावून बघितलं.

दुसऱ्या दिवशी बाळकुम पाड्यातल्या एका मिस्त्रींना बोलावलं. माझ्या मुलाच्याच वयाचे. त्यांनी भिंतीकडे बघितलंच नाही. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवून बघतात, तशी त्यांनी बोटाच्या पेराने भिंत वाजवली. टक्. टक्. जरा पुढे गेले. ठक्क! "हा कॉलम," म्हणाले. परत मागे येऊन टक्. मग खाली पडलेला भिंतीचा टवका उचलून माझ्या तळहातावर ठेवला. त्याला वजन म्हणून नव्हतं.

"काका, ही भिंत नाय. ढोकला हाय."

मला वाटलं, ते भिंतीला नावं ठेवतायत. पुढे वाचल्यावर कळलं, की त्यांनी शास्त्रीय व्याख्या सांगितली होती. सिमेंट, चुना आणि वीजकेंद्रातली राख पाण्यात कालवतात आणि त्यात चिमूटभर ॲल्युमिनियमची भुकटी घालतात. तिच्यापासून हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि पीठ फुगतं. मग तारेने वड्या पाडायच्या आणि भल्यामोठ्या प्रेशर कुकरमध्ये दाबाच्या वाफेवर तासन् तास शिजवायच्या. फक्त वरून फोडणी तेवढी घालत नाहीत. हा ढोकळा स्वीडनच्या योहान आक्सेल एरिक्सन या माणसाचा. १९२४ सालचं पेटंट. आपल्याकडे तो १९७० च्या दशकात शिर्क्यांनी पुण्यात सिपोरेक्स या नावाने आणला, आणि आज कुठल्याही कंपनीचा ठोकळा असला तरी मिस्त्री लोक त्याला सिपोरेक्सच म्हणतात. साध्या विटेच्या तो साधारण एक तृतीयांश वजनाचा. पाण्यात टाकला तर तरंगतो. इमारतीचा भार खांब आणि तुळया उचलतात, तेव्हा मधल्या भिंती जितक्या हलक्या तितकं बरं, हे बिल्डरचं गणित मुळीच चूक नाही. भिंत हलकी आहे, ऊन अडवते, काम झटपट होतं. फक्त तिच्यावर विश्वकोश टांगू नये.

"मग काय करायचं?" मी विचारलं. "शेजारच्या नव्या टॉवरमध्ये बरं आहे म्हणतात, सगळी भिंत काँक्रीटची."

"तिथं ड्रिलचं पातं लाल होतं, भोक पडत नाय," मिस्त्री म्हणाले. "आन पडलं तर आत सळई. नायतर वायरचा पाइप." मग माझ्या जुन्या भोकांतलं एक त्यांनी बोटाने दाखवलं. "ह्ये बटनाच्या बरोबर वर मारलंय तुम्ही. वायर बटनाच्या सरळ वर जाते नायतर खाली. चार बोटं हुकली तुमची. नायतर फळीच्या आधी तुम्हीच पडला असता." सौभाग्यवतीने आतून एकच हुंकार दिला. तो मला फळी पडल्याच्या आवाजापेक्षा मोठा वाटला.

ढोकळ्याला हातोडीचा झटका देणारं ड्रिल चालवायचं नाही, नुसतं फिरवायचं. हलकं काही लावायचं तर लांब दात्यांचे खास प्लग घ्यायचे, आणि जड लावायचं तर ते भिंतीवर सोडायचंच नाही, एवढं त्यांनी मला समजावून सांगितलं. मग पुस्तकांची वाटणी केली. जाडजूड खंड जमिनीवर उभ्या राहणाऱ्या रॅकमध्ये, आणि पोर वर चढलं तर रॅक पुढे येऊ नये म्हणून त्याचं डोकं एका पट्टीने बाजूच्या कॉलमला बांधलं. फळीवर राहिल्या त्या कविता आणि पातळ कादंबऱ्या. कवितेचं वजन कमी असतं हे टीकाकार पूर्वीपासून म्हणत आलेच आहेत.

आणि फळी? तिच्यासाठी त्यांनी भिंत आरपार भोसकली. सहा इंची भिंत, आठ इंची बोल्ट, पलीकडून चार बोटं रुंद लोखंडी पट्टी आणि नट. म्हणजे फळीला धरायला आता प्लग नाही, गुट्टी नाही. अख्खी भिंतच दोन पट्ट्यांमध्ये चिमटीत धरलेली. मी मनातल्या मनात नौपाड्याचे मिस्त्री, रॉलिंग्ज आणि फिशर या तिघांना ते काम दाखवलं. तिघांनी माना डोलावल्याचा मला भास झाला.

"आता जरा बसून दाखवा," मी म्हणालो.

"कुठं?"

"फळीवर."

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हातांनी फळीची पुढची कड धरली, पाय उचलले आणि लोंबकळले. नात टाळ्या वाजवायला लागली आणि "आता मी, आता मी" म्हणाली. तिला कोणी जाऊ दिलं नाही.

बोल्टची टोकं स्वयंपाकघराच्या बाजूला दीड-दीड इंच बाहेर आली आहेत. कापून देतो, असं मिस्त्री म्हणत होते. सौभाग्यवती म्हणाली, राहू द्या. तिने तिथे एकावर झारा अडकवला आहे, एकावर गाळणं. खुंट्या हव्याच होत्या म्हणे.